समुद्राकडे पाठ करून

ब्लांका दोलेझालोवा समुद्रापर्यंत चालत गेलीच नाही, असं तुम्ही लिहिलंत. जाड कागदावर लिहिलंत, खाली सही केलीत, शिक्का उमटवलात, आणि शेवटी 'पुढील पायी प्रवासास शुभेच्छा' हे लिहायलाही लाजला नाहीत. समितीची सात माणसं, एक टेबल, बिअरचे सात पेले, आणि चार उन्हाळे चाललेल्या बाईची पावलं तुम्ही वीस मिनिटांत पुसून टाकलीत. त्या वीस मिनिटांत तुमच्यातल्या एकानंही खुर्चीतून बूड हलवलं नाही. एक जण लघवीला उठला होता, तेवढं सोडून.

तर ती कशी चालली ते आता ऐका. मधे बोलू नका. तुमची बोलायची पाळी होऊन गेली.

मोराव्हियात, झ्नोयमो शहराच्या खाली, द्राक्षमळ्यांतलं आपलं गाव. इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात ब्लांकानं पस्तीस वर्षं काढली. रोज तीनशे वीस ताटं. शेगडीपासून टेबलापर्यंत चार पावलं, टेबलापासून वाढायच्या खिडकीपर्यंत तीन. निवृत्त झाली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. संध्याकाळी ती मिठाच्या गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "पस्तीस वर्षं या पायांवर उभी राहिले. पण हे पाय पोचले कुठं?"

बोहुश रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करण्यात हयात घालवलेला माणूस. वर्तमानपत्र खाली न घेता तो म्हणाला, "घमेल्यापर्यंत."

"मला समुद्रापर्यंत जायचंय. चालत. आपल्या दारातून निघून."

"आपल्या चेक देशाला समुद्र नाही, ब्लांके."

"म्हणूनच तर."

बोहुशनं वर्तमानपत्र खाली घेतलं. बायको थट्टा करत असेल तर ती डाव्या गालात हसते, हे त्याला चाळीस वर्षांत कळलं होतं. डावा गाल हलला नाही.

तुमच्या पदभ्रमण संघाची 'घरून समुद्राकडे' ही योजना तेव्हाही होती. एक वही मिळते. वाटेतल्या गावांत, खानावळींत, टपाल कचेऱ्यांत शिक्के घ्यायचे, वेळ लिहायची. जोडप्यांसाठी एकच सामायिक वही. ब्लांकानं दुसऱ्याच दिवशी ती आणली आणि आतल्या पानावर दोघांची नावं स्वयंपाकघरात डब्यांवर लिहायची तशी मोठ्या अक्षरांत लिहिली.

बोहुशची चालायला ना नव्हती. अट एकच: आपली गाडी बरोबर हवी. परमुलखात जाऊन तिथलं जेवण विकत खाणं म्हणजे आपल्या तळघराचा अपमान, असं मानणाऱ्या पिढीतला तो अगदी पक्का. स्कोडाच्या मागच्या भागात बटाट्यांचं पोतं, काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, डबाबंद मांस, तंबू, स्वतःची उशी, आणि दोन दिवस पुरतील इतके रिझेक. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं मांस दोन पावांमध्ये दाबून घेतल्याशिवाय आपल्याकडचा माणूस सीमा ओलांडत नाही. ओलांडलीच, तर सीमेलाही चुकल्यासारखं होतं.

पण माणसं पायी जाणार तर गाडी पुढं कोण नेणार? यावर बोहुशनं एक आठवडा कागदावर रेघोट्या मारल्या आणि मग ब्लांकाला बोलावलं.

"एकाच रुळावर समोरासमोरून दोन गाड्या सोडायच्या," तो म्हणाला. "आयुष्यभर जे होऊ नये म्हणून पगार घेतला, तेच आता मुद्दाम करायचं."

पद्धत अशी. सकाळी ब्लांका त्याला त्या दिवसाच्या वाटेच्या अलीकडच्या टोकाला सोडायची. तो समुद्राच्या दिशेनं चालू लागायचा. ती गाडी घेऊन पलीकडच्या टोकाला जायची, गाडी लावायची, आणि उलटी त्याच्याकडे चालत यायची. मधे कुठंतरी गाठ पडायची. जेवण व्हायचं. ती गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवायची. मग तो पुढं, ती मागं. तो गाडीपाशी पोचला की गाडी वळवून तिला आणायला जायचा. दिवसाच्या अखेरीस दोघांचीही वाट पुरी. एक पाऊलही राहिलेलं नाही.

सकाळी तीच का गाडी चालवायची? कारण दहाच्या आधी बोहुश माणसात नसतो. गाडी चालवायला ती याच्यासाठीच शिकली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तीनदा नापास होऊन. चौथ्यांदा परीक्षक म्हणाला, "बाई, तुम्ही थांबायला फार घाबरता." ब्लांका म्हणाली, "थांबून झालंय माझं."

म्हणजे झालं काय, की चार उन्हाळे, दर उन्हाळ्यात दोन आठवडे, ब्लांका समुद्राकडे पाठ करून चालत होती. ऑस्ट्रियातले भोपळ्यांचे मळे तिनं उलटे पाहिले. ग्राट्स शहरात ती मागच्या दारानं शिरल्यासारखी शिरली. स्लोव्हेनियातले डोंगर तिला आधी उतरावे लागले आणि मग चढावे लागले. तिची तक्रार नव्हती. उलट खरं सांगायचं तर ती दोघं इतकी खूश कधी नव्हती.

चाळीस वर्षांच्या संसारात एकमेकांना सांगण्यासारखं काही उरत नाही. तुम्ही सातही जण लग्न झालेले आहात, तुम्हाला सांगायला नको. पण या पद्धतीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या दुपारमधून चालत यायचा. तिला जिथं जायचं होतं तिथून तो आलेला. त्याच्या पुढ्यात जे होतं ते ती बघून आलेली. दगडावर बसल्या बसल्या सुरुवात व्हायची.

"पुढं एक पिवळं घर लागेल. तिथला कुत्रा अंगावर येतो. घाबरू नकोस, त्याला दात नाहीत."

"तुला कसं कळलं?"

"जांभई दिली की त्यानं. माझ्याकडे बघूनच दिली."

"माझ्या बाजूला एक म्हातारी आहे, बाकावर बसलेली. कुठून आलात म्हणून विचारते. मोराव्हिया म्हटलं की तासभर सोडत नाही, तिचा कुणी मामा तिथं होता. तू आपली पोलंड म्हण."

ब्लांकानं पोलंड म्हटलं. म्हातारीची सून पोलंडची निघाली. सुनेला हाक मारून बाहेर बोलावण्यात आलं. त्या दिवशी बोहुश गाडी घेऊन पहिल्या टोकाला दोन तास वाट बघत बसला, आणि ब्लांका आली ती हातात अर्धा केक घेऊन.

शिवाय दोघं एकमेकांसाठी वाटेत काहीबाही ठेवायची. कुंपणाच्या खांबावर सफरचंद. पुलाच्या कठड्यावर चेरींची ओळ, त्यातली शेवटची अर्धी खाल्लेली. बोहुश खडूनं डांबरी रस्त्यावर लिहायचा: 'इथं पाय घसरला. हसू नये.' पाच तास एकटं चालायचं, आणि तरी दर मैलाला दुसरं माणूस भेटायचं. याला एकत्र चालणं म्हणायचं नाही, असं तुम्ही ठरवलंत. ठीक आहे. त्याच्याकडे येऊच.

चौथ्या उन्हाळ्यात वाट संपत आली. बेचाळीस टप्पे झाले, त्रेचाळिसावा उरला: पोदगोर्ये गावातून खाली, चुनखडीच्या कड्यावरून अंकारानच्या किनाऱ्यापर्यंत. आदल्या संध्याकाळी तंबूपुढं बटाटे सोलता सोलता ब्लांकाची सुरी थांबली.

"बोहुश, उद्या मी समुद्राकडे चालणार."

"रोज चालतोच की."

"तू चालतोस. मी समुद्रापाशी गाडी लावणार, त्याच्याकडे पाठ करणार आणि निघून येणार. चार वर्षं मी उलटी चालले, माझं काही म्हणणं नाही. पण पोचायचं मला होतं. पोचणार तू."

ही गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, हे बोहुशच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि ब्लांकाला तेवढंही पुरलं असतं.

"म्हणजे सकाळी सातला गाडी मी चालवायची?"

"डोळ्यांना काड्या लावून देते."

"बरं," तो म्हणाला. "पण तू बघेपर्यंत मीही समुद्र बघणार नाही."

सकाळी धुकट होतं. कड्यावरून खाली नुसता पांढरा पडदा. ब्लांका पोदगोर्येहून निघाली तेव्हा तिला सारखं वाटत होतं की कुणीतरी मागून हाक मारेल आणि म्हणेल, बाई, तुम्ही चुकीच्या बाजूला निघालात. ओस्प गावात, कड्याखालच्या तुतीच्या झाडापाशी, साडेदहाला तिला बोहुश दिसला. केस विस्कटलेले, शर्टाची बटणं एक घर चुकलेली, पण जागा.

"बघितलास?" तिनं विचारलं.

"शप्पथ नाही. पाठ करून गाडी लावली. एका बाईच्या पायावर चाक जाता जाता राहिलं. जर्मन होती. माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला."

"आणि तू?"

"मी म्हटलं, माझी बायको समुद्रावर येतेय. तिला वाटलं मी वेडा आहे. मग म्हणाली, अभिनंदन."

दोघं हसली, पाव खाल्ला, तुती खाऊन जिभा काळ्या केल्या. ब्लांका बोलतच होती, बोहुश तिच्याकडे बघतच होता. मग ती उठली, त्यानं तिच्या गालाला काळे ओठ लावले, आणि दोघं आपापल्या वाटेला लागली. तो वर, ती खाली.

तुमच्यापैकी हुशार असतील त्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो: किल्ली बोहुशच्याच खिशात राहिली. बेचाळीस दिवस किल्ली द्यायची ती आणि घ्यायचा तो. आज द्यायची होती त्याला. त्याच्या हाताला द्यायची सवय नव्हती, तिच्या हाताला मागायची.

ब्लांकाला याची कल्पना नव्हती. ती उडत चालली होती. एका दगडी बांधावर तिला पीच ठेवलेलं मिळालं. द्राक्षमळ्याच्या कडेला डांबरावर खडूची अक्षरं होती: 'खाली बघ.' पन्नास पावलांवर: 'अजून खालीच.' ऑलिव्हच्या झाडांपाशी: 'चीटिंग करू नकोस, मी ओळखतो तुला.' ती मान खाली घालून, स्वतःशी हसत, बुटांची टोकं बघत चालत राहिली. शेजारून एक सायकलवाला थांबून विचारून गेला की काही हरवलंय का. वळणावर शेवटचा शब्द होता: 'आता.'

तिनं वर पाहिलं.

धुकं केव्हाच विरलं होतं. समोर सगळं निळं होतं आणि ते संपत नव्हतं. ब्लांका तिथंच रस्त्यावर मधोमध उभी राहिली. मागून आलेल्या भाजीच्या टेम्पोनं भोंगा वाजवला नाही. बाईच्या पाठीवरूनसुद्धा काही गोष्टी कळतात.

किनाऱ्यावर पाइनच्या सावलीत स्कोडा उभी होती, समुद्राकडे ढुंगण करून. ब्लांकानं दाराला हात घातला, आणि तेव्हा तिला कळलं. काचेतून सगळं दिसत होतं: पोहायचा पोशाख, टॉवेल, सपाता, रिझेकांचा डबा, आलुबुखारच्या दारूची बाटली. दोघांत एकच फोन, तोही समोरच्या खणात. चालताना फोन म्हणजे खिशात सासू, असं बोहुशचं मत.

ती गाडीला टेकून इतकी हसली की छत्र्या भाड्यानं देणारी पोरगी धावत आली. ती स्लोव्हेनियन, ब्लांका चेक; चार शब्द इकडचे, चार तिकडचे, भागून जातं.

"काय झालं, मावशी? रडताय?"

"नवरा किल्ली घेऊन डोंगरात गेला."

"अगंबाई. भांडण झालं का?"

"नाही ना. भांडलो असतो तर किल्ली आठवली असती."

"माझ्या फोनवरून लावा त्यांना."

"लाव. गाडीत वाजेल."

पोरगीनं कपाळाला हात लावला. "मग आता काय करणार?"

"आता?" ब्लांका बुटांच्या नाड्या सोडायला वाकली. "आता समुद्र."

अर्धी विजार आणि शर्ट अंगावर ठेवूनच ती पाण्यात शिरली. टाचेवरचे फोड मिठानं चरचरले. पस्तीस वर्षं जे पाय चार पावलं इकडे आणि तीन पावलं तिकडे झिजले, ते आता वाळूत हळूहळू रुतत होते, आणि ब्लांका त्यांना रुतू देत होती. घाई नव्हती. पोचून झालं होतं.

छत्रीवाल्या पोरगीनं तिला कोरडा टॉवेल दिला, खरबूज दिलं, आणि शेजारच्या सगळ्यांना ही हकीकत सांगितली. सकाळची जर्मन बाईही येऊन बसली. तिला पाय दाखवायचा होता.

पावणेआठला, सूर्य अजून वर असताना, बोहुश लंगडत आला. उंचावलेल्या हातात किल्ली. शरण येणारे लोक धरतात तशी.

"अडीचला वर पोचलो," तो म्हणाला. "बाकावर बसलो, गाडीची वाट बघायला लागलो. पंधरा मिनिटांनी खिशात काहीतरी टोचलं."

"मग?"

"येतील तेवढ्या शिव्या दिल्या. दोन मिनिटांत संपल्या. मग मध विकणारा एक व्हॅनवाला म्हणाला, बसा, खाली सोडतो."

"मग बसायचं, गाढवा. तुझा गुडघा."

"म्हटलं नको." तो तिच्या शेजारी वाळूत कोसळला आणि पाय लांब केले. "म्हटलं, बायको गेली त्या वाटेनं, तिच्याच दिशेनं, एकदा तरी जाऊन बघू. माझीच अक्षरं मी वाचत आलो. मान खाली घालून. आता दुखतेय."

"समुद्र बघितलास?"

"आधी तुला बघितलं," बोहुश म्हणाला, "मग तो दिसला. तुझ्या मागंच होता."

जर्मन बाईनं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी मिळून दिवसभर तापलेल्या गाडीतले रिझेक खाल्ले, आणि कुणालाही काही झालं नाही. हाही चमत्कारच, पण त्याचा शिक्का मिळत नाही.

वहीत ब्लांकानं सगळं खरं लिहिलं. प्रत्येक शिक्क्यापुढं दोघांच्या वेळा वेगवेगळ्या: तो आठला इथं, ती चारला. खोटं लिहिता आलं असतं. दोघं बरोबर होतो म्हणून एकच वेळ टाकली असती, तर तुम्हाला जन्मात कळलं नसतं. नोव्हेंबरात तुमचं ते जाड कागदावरचं पत्र आलं आणि दोघं खानावळीवरच्या तुमच्या खोलीत आली.

"दोलेझालोवाबाई, भावना आम्ही समजतो," अध्यक्ष, तुम्ही म्हणालात. "पण योजना 'घरून समुद्राकडे' आहे. तुम्ही त्रेचाळीसपैकी बेचाळीस टप्पे घराकडे चाललात."

"तीच वाट, तेच दगड, तेवढीच लांबी."

"दिशा उलटी. नियम चार."

"आणि जोडीचा सन्मान एकत्र चालणाऱ्यांना असतो," खजिनदार, तुम्ही म्हणालात. "तुम्ही तर नुसते दुपारी जेवायला भेटत होता."

"तुम्ही घरी बायकोला त्याहून जास्त भेटता का?" ब्लांकानं विचारलं.

मग अध्यक्षांनी बोहुशला पदक दिलं. कारण शेवटच्या दिवशी किल्ली खिशात राहिल्यामुळं तो खाली चालत आला होता, आणि नियम चारप्रमाणे त्याचे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस टप्पे समुद्राकडे झाले होते. बोहुशनं पदक हातात घेतलं, उलटं करून पाहिलं आणि टेबलावर ठेवलं.

"किल्ली विसरल्याबद्दल मला पदक," तो म्हणाला. "आणि जिनं बेचाळीस दिवस किल्ली न विसरता आणून दिली, तिला शुभेच्छा."

यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, पण का झालं ते माहीत नाही. गावापासून डोंगरमाथ्यापर्यंतच्या अकरा किलोमीटर वाटेच्या खुणा गेली सव्वीस वर्षं बोहुशच रंगवतो. फुकट. दोन पांढऱ्या पट्ट्या, मधे लाल, झाडाच्या दोन्ही बाजूंना. एप्रिलमध्ये तो तारेचा ब्रश घेऊन जुना रंग खरवडत गेला, दोन्ही बाजूंचा. मग रंगाचा डबा धरून ब्लांका बरोबर गेली. पहिल्या झाडाची अलीकडची बाजू झाली. बोहुश पलीकडच्या बाजूला वळला.

"ही कुणासाठी?" ब्लांकानं विचारलं.

"परत येणाऱ्यांसाठी."

"ते चालतात का? समिती म्हणते, नाही."

बोहुश ब्रश घेऊन उभा राहिला. ब्रशवरून लाल थेंब बुटावर पडला. बायकोचा डावा गाल हलत होता. मग त्याचाही हलला.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमचा वसंत मेळावा निघाला. चाळीस माणसं झेंडा घेऊन, गाणी म्हणत, झकास वर पोचली. परतताना एकाही झाडावर खूण दिसेना, तशी पांगली. झेंड्यासकट अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी पलीकडच्या खोऱ्यात उतरले, जिथं रविवारी बस नसते. त्यांना आणायला ब्लांकाच गेली. अध्यक्षांच्या पत्नी मागच्या सीटवर बटाट्यांच्या पोत्याला टेकून गावापर्यंत हसत आल्या. म्हणाल्या, "तीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकत्र हरवलो."

तेव्हा समितीवाल्यांनो, आता एवढंच सांगा. झाडांची पलीकडची बाजू खरवडून तयार आहे. अर्धा डबा रंग शिल्लक आहे. परत येणारा माणूस चालतो की नाही? चालत असेल, तर ब्लांका दोलेझालोवा त्रेचाळीस टप्पे चालली, असं त्याच जाड कागदावर, सही-शिक्क्यानिशी लिहा. चालत नसेल, तर तसं लिहा आणि पुढचा मेळावा कुठून परत आणायचा तेही सांगा. शुभेच्छा नकोत. हो की नाही, तेवढं लिहा.